हायड्रेंजियाची छाटणी गुलाबाबरोबर करू नका: सातारा-सांगलीच्या हवेत हे झाड कसं सांभाळावं

पसरणी घाट उतरणाऱ्या गाड्यांच्या मागच्या सीटवर पुष्कळदा एक कुंडी असते. पाचगणीच्या एखाद्या नर्सरीतून घेतलेलं, निळ्या गोंड्याचं हायड्रेंजिया. साताऱ्यात, कराडात किंवा सांगलीत आल्यावर पहिलं वर्ष बरं जातं. दुसऱ्या वर्षी निळ्याचं गुलाबी होतं. तिसऱ्या वर्षी झुडूप पानांनी गच्च भरतं आणि फूल मात्र एकही दिसत नाही. मग नर्सरीवाल्यानं फसवलं अशी समजूत होते आणि कुंडी मागच्या अंगणात जाते.

रंग बदलतो तो माती-पाण्यामुळे. फूल येत नाही, त्याचं कारण मात्र बहुतेक घरी चुकीच्या महिन्यात चाललेली कात्री हे असतं. गुलाब छाटताना त्याच दिवशी, त्याच हातानं हायड्रेंजियाही छाटलं जातं आणि पुढच्या वर्षीची फुलं तिथेच कचऱ्यात जातात. म्हणून या लेखात छाटणीला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. पण छाटणी कळायची तर आधी झाड कळलं पाहिजे.

झाड ओळखून घ्या

आपल्याकडे हायड्रेंजिया म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा हायड्रेंजिया मॅक्रोफिला. मूळ जपानचं, दमट हवेत वाढणारं झुडूप. पानं पंजाएवढी, जाडसर, करवती कडांची. काडीवर पानं जोडीजोडीनं, एकमेकांच्या समोरासमोर येतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा, म्हणजे पुढची फूट जिथून निघते तो बारीक कोंब, असतो. ही जोडी नीट बघून ठेवा, छाटताना तिच्याच हिशेबानं कात्री लावायची आहे.

फुलांचे दोन प्रकार दिसतात. एक भरगच्च गोंडा. दुसरा चपटा झुबका, ज्यात मध्ये बारीक बारीक फुलं आणि कडेनं मोठ्या फुलांचं कडं असतं. दोन्हींची निगा सारखीच. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो त्या खरं तर निदलं आहेत, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारा हिरवा भाग. इथे तोच मोठा आणि रंगीत झालेला असतो. त्यामुळे ती गुलाबाच्या पाकळीसारखी गळत नाहीत. रंग उतरतो, हिरवट होतो, कधी तांबूस झाक येते, शेवटी कागदासारखी कोरडी होतात, पण गोंडा काडीवर तसाच उभा राहतो. बघणाऱ्याला वाटतं, अजून फूल आहे, कशाला कापायचं? छाटणी लांबते ती इथूनच.

पॅनिक्युलाटा नावाचा आणखी एक प्रकार आहे. त्याचा झुबका लांबट, शंकूसारखा आणि सुरुवातीला पांढरा असतो. तो नव्या फुटीवर फुलतो, त्यामुळे त्याची छाटणी थंडी सरताना, फेब्रुवारीत करतात. आपल्या भागात तो क्वचितच दिसतो. तुमच्याकडे असेल तर खाली सांगितलेली छाटणी त्याला लावू नका.

विकत घेताना फुलावर भुलू नका. एकाच काडीवर मोठा गोंडा असलेल्या रोपापेक्षा बुंध्यातून चार-पाच काड्या आलेलं, बिनफुलाचं रोप घ्या. जून-जुलैत घेतलं तर पावसाळी हवेत ते लवकर रुळतं.

जागा

सकाळचं तीन-चार तास कोवळं ऊन आणि अकरानंतर सावली, एवढं सूत्र पुरे. घराची पूर्व बाजू उत्तम. पश्चिमेची किंवा दक्षिणेची भिंत टाळा. उन्हाळ्यात ती संध्याकाळपर्यंत तापलेली असते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. आंब्याच्या किंवा फणसाच्या गर्द सावलीतही लावू नका. तिथे पानं सुंदर राहतात, फुलं येत नाहीत.

महाबळेश्वर-पाचगणीला हे झाड उघड्यावरही मजेत वाढतं. महाबळेश्वरची उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास, हवा थंड, जमीन जांभ्याची. जावळी आणि पाटणच्या डोंगराकडच्या गावांतही चांगलं येतं. सातारा आणि वाईत जागा नीट निवडली तर जमिनीत लावता येतं. कराड, सांगली, मिरजेला मी कुंडीच सुचवेन, कारण तिथली काळी माती बदलणं अवघड आणि कुंडी उचलून सावलीत नेणं सोपं. जत, आटपाडी, माण, खटावच्या कोरड्या वाऱ्यात मात्र नवशिक्यानं या झाडाच्या मागे लागू नये. खूप कष्ट घेऊन थोडं हाती लागतं. तिथे कण्हेर, बोगनवेल अशी उन्हाला न डगमगणारी झाडं लावावीत.

थंडीतल्या जागेचा विचार सहसा कुणी करत नाही, पण फुलांसाठी तो महत्त्वाचा आहे. दिवस लहान झाले आणि रात्रीचं तापमान साधारण १८ अंशांच्या खाली आलं की या झाडाच्या डोळ्यात फुलाची कळी धरू लागते. असा गारवा सलग सहा ते आठ आठवडे मिळायला हवा. घाटमाथ्यावर तो सहज मिळतो, सांगलीत जेमतेम. म्हणून सपाटीवरच्या लोकांनी ऑक्टोबर ते जानेवारी कुंडी अंगणातल्या सगळ्यात गार, मोकळ्या जागी ठेवावी. खोलीत, बंद गॅलरीत किंवा रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली ठेवू नये.

माती आणि कुंडी

कृष्णाकाठची काळी माती उसाला सोन्यासारखी, पण हायड्रेंजियाला जड जाते. तिच्यात चुनखडी असते, सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल ते सांगणारा आकडा; तो जितका कमी तितकी माती आम्ल) बहुतेक ठिकाणी साडेसातच्या वर असतो आणि पावसात ती पाणी धरून बसते. हायड्रेंजियाला सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान लागतो, आणि ओलावा हवा पण दलदल नको.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. मातीचं सुकं ढेकूळ बशीत घ्या आणि त्यावर व्हिनेगरचे काही थेंब टाका. बारीक बुडबुडे येऊन फसफसलं तर त्या मातीत मोकळा चुना आहे. अशा मातीत रोप लावलं की काही महिन्यांत नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी याला केवडा म्हणतात. लोह मातीत असतं, पण चुन्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. फसफसलं नाही म्हणजे माती आम्ल आहे असं मात्र समजू नका. नक्की आकडा हवा असेल तर माती परीक्षण करून घ्या.

कुंडीसाठी दोन भाग जांभ्याची लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पानांचं खत, आणि निचऱ्यासाठी थोडी भरड वाळू किंवा परलाइट. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या, स्वस्त विटांमध्ये मीठ बरंच असतं. शेणखत कच्चं असेल तर मुळं भाजतात. हाताला गार लागणारं आणि शेणाचा वास न येणारं खत घ्या.

कुंडी १२ ते १४ इंची, तळाला मोठी छिद्रं असलेली. मातीची, प्लॅस्टिकची किंवा ग्रो बॅग चालेल. सिमेंटची कुंडी नको. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर हळूहळू मातीत उतरतो आणि सामू वर चढतो. जमिनीत लावतानाही नव्या बांधकामाच्या भिंतीला लागून लावू नका; तिथल्या मातीत गिलाव्याचा चुना पडलेला असतो.

रोप आधी पिशवीत जितकं खोल होतं तितकंच नव्या मातीत ठेवा. भोवती माती दाबा, भरपूर पाणी द्या आणि आठवडाभर पूर्ण सावलीत ठेवा. जमिनीत लावायचं तर दीड फूट खोल आणि दोन फूट रुंद खड्डा घेऊन हेच मिश्रण भरा, आणि पाणी साचू नये म्हणून रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोड्या उंचवट्यावर बसवा.

चुलीतली राख, अंड्याची टरफलं, भिंतीचा चुना यातलं काहीही या कुंडीत टाकू नका. टोमॅटो-मिरचीला राख घालायची सवय पुष्कळ घरांत असते, पण ती इथे उलटते. चहापत्ती धुऊन टाकली तर खत म्हणून चालते, सामू मात्र तिनं फारसा हलत नाही. लिंबाचा रस पिळायच्या फंदातही पडू नका.

पाणी

एप्रिलच्या दुपारी एक वाजता हे झाड बघितलं तर जीव घाबरतो. पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत असतात. लगेच बादली ओतू नका. मोठ्या पानांतून पाणी इतक्या वेगानं उडून जातं की ओल्या मातीतही मुळं पुरी पडत नाहीत. ऊन उतरलं की पानं आपोआप ताठ होतात. आधी बोट मातीत दोन पेरं घालून बघा. आत गार आणि ओलं लागलं तर पाणी नको, सावली वाढवा. कोरडं लागलं तर तळातून पाणी निघेपर्यंत सावकाश द्या. पहाटेसुद्धा पानं लोंबलेली असतील तर मात्र काळजी करा: एक तर कुंडी पूर्ण सुकली आहे, नाहीतर पाणी साचून मुळं कुजली आहेत. कुंडी उचलून पाहिली की दोन्हींतला फरक वजनावरून कळतो.

उन्हाळ्यात कुंडीला रोज, कधी दोनदा पाणी लागतं. जमिनीतल्या झाडाला दोन-तीन दिवसांनी खोलवर पाणी द्यावं. मार्चपासून पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधली की निम्मी चिंता मिटते.

आपल्या भागात या झाडाला घालण्यासारखी एक चीज फुकट मिळते, ती म्हणजे उसाचं पाचट. तुकडे करून त्याचा दोन-तीन इंची थर बुंध्याभोवती पसरा, बुंध्याला चिकटू न देता चार बोटं मोकळी सोडून. माती गार राहते, ओल टिकते आणि वर्षभरात पाचट कुजून खत होतं. कुंडीतही हाच उपाय करा.

पाणी कुठलं देता त्यालाही महत्त्व आहे. बोअरचं क्षाराचं पाणी रोज दिलं तर कितीही चांगली माती भरली तरी वर्षभरात ती बिघडते. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसायला लागला की समजा क्षार साठले. पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवा, नाहीतर नळाचं द्या. घरच्या आरओ मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी वाया जातं म्हणून झाडाला घालतात. हायड्रेंजियाला ते नको, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून टाका आणि कुंडी विटांवर ठेवा.

खत

फेब्रुवारी ते ऑगस्ट दर दीड महिन्याला दोन मुठी गांडूळखत किंवा कुजलेलं शेणखत. सोबत हवं तर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला दोन ग्रॅम. सप्टेंबरपासून नत्र (नायट्रोजन) बंद. उशिरा दिलेल्या नत्रानं पालवी फुटत राहते आणि कळी धरायची राहून जाते. त्याऐवजी सप्टेंबर-ऑक्टोबरात एक-दोनदा ०:०:५० हे नत्र नसलेलं, पालाशचं (पोटॅशचं) खत लिटरला दोन ग्रॅम द्या. कृषी सेवा केंद्रात सहज मिळतं. थंडीत काहीही नको.

छाटणी

तासगाव, पलूस, मिरज भागातल्या वाचकांना हे सांगणं सोपं आहे. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी झाल्यावर जी काडी वाढते, तिच्या डोळ्यात घड तेव्हाच, उन्हाळ्यात धरतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो फक्त बाहेर येतो. हायड्रेंजियाचं असंच आहे, महिने तेवढे वेगळे. पावसाळ्यात काडी वाढते, थंडीच्या तोंडाला तिच्या शेंड्याच्या डोळ्यात फूल धरतं, आणि एप्रिल-मेच्या सुमारास ते उमलतं. म्हणजे ऑक्टोबरनंतर शेंडा कापला की त्यातलं फूल गेलं. झाड मरत नाही, उलट जोमानं फुटतं, पण त्या फुटीवर त्या वर्षी फूल येत नाही.

आपल्याकडे गुलाबाची मोठी छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात करतात. माळीही तेव्हाच येतो आणि कात्री हातात असताना सगळीच बाग सारखी करून जातो. तुमच्याकडे माळी येत असेल तर हायड्रेंजियाला लाल फडक्याची चिंधी बांधून ठेवा आणि याला हात लावू नका म्हणून आधीच सांगा.

मग छाटायचं कधी? बेंदूर झाला की कात्री काढा आणि गणपती बसायच्या आत काम उरका. साधारण जुलैचा मध्य ते ऑगस्टअखेर. गोंडा अजून हिरवट-निळा, बघण्यासारखा असला तरी कापा. घरात फुलदाणीत ठेवा किंवा उलटा टांगून सुकवा. ऑगस्टमध्ये कापलेल्या काडीला थंडीआधी नवी फूट वाढवून पक्व करायला दोन महिने मिळतात. सप्टेंबरच्या मध्यानंतर आठवण झाली तर फक्त सुकलेला गोंडा त्याच्या देठापाशी खुडा आणि त्या वर्षापुरतं तिथेच थांबा.

इंग्लंड-अमेरिकेतले व्हिडिओ पाहून बरेच जण गोंधळतात. तिथे सुकलेले गोंडे हिवाळाभर झाडावर ठेवून वसंतात काढायला सांगतात, कारण कडाक्याच्या थंडीत तोच गोंडा खालच्या कोवळ्या डोळ्यांवर पांघरूण होतो. आपल्याकडे दव गोठतं ते वेण्णा लेकच्या परिसरासारख्या मोजक्या जागी, तेही थोडेच दिवस. उलट आपल्याकडे पाऊस आहे. पाणी पिऊन जड झालेला गोंडा काडी वाकवतो, त्यात बुरशी धरते आणि ती खालच्या डोळ्यांपर्यंत उतरते. आपल्या हवेत गोंडे वेळेवर काढलेलेच बरे.

आता प्रत्यक्ष काम. सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार असू द्या. या काडीच्या आत पांढरं, मऊ भेंड असतं; बोथट पात्यानं ती चेंगरते, फाटते आणि पाणी शिरून सडते. पाती स्पिरिटनं पुसा, दुसऱ्या झाडाकडे जाताना पुन्हा पुसा. पाऊस उघडलेला दिवस निवडा, म्हणजे जखम कोरडी होईल.

पहिल्यांदा मेलेलं लाकूड काढा. शंका असेल तिथे नखानं साल किंचित खरवडा. आत हिरवं ओलं दिसलं तर काडी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर अजून खाली खरवडत जा आणि हिरवं लागेल तिथवर कापा.

दुसऱ्यांदा फूल येऊन गेलेल्या काड्या घ्या. गोंड्यापासून बोट खाली आणा. गोंड्यालगतच्या जोडीचे डोळे बहुतेक वेळा बारीक, चपटे असतात. आणखी खाली या. दुसऱ्या किंवा तिसऱ्या जोडीपाशी पानाच्या बगलेत टपोरे, टोकदार, हिरवे डोळे बोटाला लागतील. त्या जोडीच्या वर अर्धा ते एक सेंटीमीटर जागा सोडून सरळ आडवा काप घ्या. गुलाबाला तिरका काप देतात, कारण तिथे एका बाजूला एकच डोळा असतो. इथे दोन्ही बाजूंना डोळे आहेत. तिरकं कापलं तर एका बाजूचा डोळा उघडा पडतो. यापेक्षा खाली जायचं कारण नाही. जितकं खोल कापाल तितकी नवी फूट थंडीपर्यंत कच्ची राहायची शक्यता वाढते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि हमखास चुकणारी: ज्या काडीला यंदा फूल आलं नाही तिला हात लावू नका. ती सरळसोट, उंच, झाडाच्या आकाराबाहेर गेलेली दिसते आणि म्हणूनच कात्री आधी तिच्याकडे वळते. पण पुढच्या वर्षीचं सगळ्यात मोठं फूल तिच्याच शेंड्यात धरणार असतं. ती फारच लवत असेल तर बांबूची कामटी लावून बांधा.

चौथी पायरी फक्त जुन्या झाडांसाठी. झाड चार वर्षांचं झालं की बुंध्यात काही काड्या करड्या, साल सोललेल्या, वर बारीक फाटे फुटलेल्या दिसतात. त्यांच्यावर फुलं लहान येतात. अशांपैकी दर वर्षी चौथा, फार तर तिसरा हिस्सा जमिनीलगत कापून टाका. मध्ये उजेड-वारा जातो आणि बुंध्यातून जाड नवे कोंब येतात. एका वर्षी सगळ्या काढल्या तर पुढचं वर्ष बिनफुलाचं जाईल. झाड बेसुमार वाढलेलं असलं तरी तीन वर्षांत वाटून लहान करा.

पहिल्या वर्षीच्या रोपाला यातलं काहीच नको. गोंडा सुकला की तेवढा काढा. दुसऱ्या वर्षीही दुसरी पायरी पुरते.

कापलेला पाला शेळ्यांपुढे किंवा गाई-म्हशींपुढे टाकू नका. हायड्रेंजियाच्या पानांत आणि कळ्यांत पोटात गेल्यावर सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, जनावरांना ती बाधतात. घरात कुत्रं किंवा पानं चावणारं लहान मूल असेल तर कुंडीही त्यांच्या हाताबाहेर ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत झाडाची बरीच पानं पिवळी पडून गळतात. झाड गेलं असं समजून उपटू नका. तेव्हा शेंडे जवळून बघा. ज्या शेंड्यावरचा डोळा जाड आणि फुगीर आहे तिथे बहुधा फूल आहे. बारीक, चपटा डोळा म्हणजे नुसती पानं. पाणी कमी करा, पण माती पूर्ण सुकू देऊ नका.

निळा हवा की गुलाबी

रंगाचं गणित अॅल्युमिनियमवर चालतं. फुलातलं रंगद्रव्य, डेल्फिनिडिन, एकच असतं. अॅल्युमिनियम येऊन मिळालं की ते निळं दिसतं, नाही मिळालं तर गुलाबी. अॅल्युमिनियम बहुतेक सगळ्या मातीत असतं, पण मुळांना ते आम्ल मातीतच उचलता येतं. सामू साडेपाचच्या खाली असेल तर निळा, साडेसहाच्या वर गुलाबी, मध्ये जांभळट. महाबळेश्वर-पाचगणीच्या जांभ्यात मुसळधार पावसानं चुना धुऊन गेलेला असतो, म्हणून तिथे निळा. काळ्या मातीत तेच झाड गुलाबी होतं.

कुंडीत निळा राखायचा तर तुरटी उपयोगी पडते, ती अॅल्युमिनियमचंच क्षार आहे. चार-पाच लिटर पाण्यात सपाट मोठा चमचाभर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम तुरटीची पूड पूर्ण विरघळवा. आधी साधं पाणी देऊन माती भिजवा, मग हे पाणी मातीवर द्या, पानांवर नको. कळ्या दिसायच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये तीन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा, आणि पुन्हा ऑगस्टमध्ये एकदा. जास्त घातली तर मुळं जळतात. निळा हवा असेल तर बोनमील, सुपर फॉस्फेट, १२:६१:० यांपासून लांब राहा. त्यांतला स्फुरद (फॉस्फरस) अॅल्युमिनियमला मातीतच बांधून ठेवतो.

उमललेल्या फुलाचा रंग बदलत नाही, परिणाम पुढच्या बहरात दिसतो. पांढरी जात तर काहीही केलं तरी निळी होत नाही. आणि सांगली-मिरजेच्या जमिनीत लावलेल्या झाडाला निळं करायचा हट्ट मी करणार नाही. चुनखडी तुरटीला पुरून उरते. गुलाबी रंगही सुरेख असतो, फक्त केवडा पडू देऊ नका. पडलाच तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह पाकिटावरच्या प्रमाणात मातीतून द्या. चुनखडीच्या मातीत साधं फेरस सल्फेट फार दिवस टिकत नाही.

रोग आणि किडी

थंडीत पानांवर पांढरी पावडर दिसली तर भुरी. बाधित पानं काढा, पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम फवारा, पण ऊन तापलेलं असताना नाही, पानं भाजतात. पावसाळ्यातले जांभळट-तपकिरी ठिपके बुरशीचे; झाड मोकळं ठेवणं आणि पाणी पानांवर न ओतणं एवढ्यानं बरेचसे आटोक्यात राहतात. उन्हाळ्यात पानं धुरकट, निस्तेज झाली आणि मागे बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी: पानांची मागची बाजू जोरदार पाण्यानं धुवा, नंतर संध्याकाळी निंबोळी तेल लिटरला पाच मिली, थोडा साबण घालून. गोगलगाई रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात.

काड्यांची रोपं करा

जुलै-ऑगस्टची दमट हवा रोपं करायला उत्तम, त्यामुळे छाटणीच्या दिवशीच हे काम करून टाका. गोंड्याखालचा कापलेला तुकडा शक्यतो नको. बुंध्याजवळ दाटीनं आलेल्या, फूल न आलेल्या बारीक फुटींपैकी एक-दोन घ्या, तेवढ्यानं झाडाचं नुकसान होत नाही. चार-पाच इंची तुकडा, दोन-तीन पेरांचा (पेर म्हणजे पानांची जोडी जिथून फुटते तो सांधा). खालचा काप पेराच्या लगेच खाली घ्या, कारण मुळं पेराजवळून लवकर फुटतात. खालची पानं काढा, वरची दोन ठेवून तीही अर्धी कापा. टोक मुळं फुटण्याच्या पावडरीत बुडवून धुतलेलं कोकोपीट आणि वाळू निम्मी निम्मी भरलेल्या कपात खोचा, एक पेर मातीत जाईल असं. पाणी देऊन वर बूड कापलेली पाण्याची बाटली पालथी घाला आणि कप सावलीत ठेवा. रोज थोडा वेळ बाटलीचं झाकण उघडून हवा खेळू द्या.

तीन-चार आठवड्यांनी काडी हलकेच ओढून बघा. अडकल्यासारखी लागली तर मुळं धरली आहेत. बाटली एकदम काढू नका, आठवडाभर रोज थोडा जास्त वेळ काढून ठेवत हवेची सवय लावा. मग वर सांगितलेल्या मिश्रणात सहा इंची कुंडीत हलवा. पहिल्या उन्हाळ्यात एखादी कळी आलीच तर खुडून टाका, म्हणजे रोप बुंध्यातून काड्या वाढवेल. त्या ऑगस्टमध्ये मोठ्या कुंडीत लावा, आणि ऑक्टोबरात कात्री निघेल तेव्हा त्यालाही लाल चिंधी बांधा.